एक्केचाळीस नंबरची लडी

विहीणबाई: ती लोकर आधी तोंडातून काढा.

व्याही: ओली केल्याशिवाय रंग कळत नाही.

विहीणबाई: त्यासाठीच पाण्याचा ग्लास ठेवलाय. दर गुरुवारी ठेवते. गिऱ्हाईक दारातून आत येतं आणि बघतं तर एक इस्त्रीचा सदरा घातलेले गृहस्थ स्टुलावर बसून लोकर चघळतायत. काय वाटत असेल त्यांना?

व्याही: वाटेल, माल खाण्याइतका चांगला आहे.

विहीणबाई: आज स्वारी जरा गरम दिसतेय.

व्याही: मी आज भांडायला आलोय, विहीणबाई.

विहीणबाई: म्हणजे नेहमीसारखेच आलात. बसा नीट. चहा सांगू?

व्याही: नको. भांडण झाल्यावर बघू. आणि आधी एक सांगतो, या भिंतीला रंग द्या. माणसं इथे येऊन रंग निवडतात आणि मागे ही भिंत अशी पिवळी पडलेली. हिच्यापुढे कुठली लोकर धड दिसणार?

विहीणबाई: बघते.

व्याही: बघते? मला वाटलं म्हणाल, तुम्हीच डबा आणि ब्रश घेऊन या.

विहीणबाई: बघते म्हटलं ना. त्या पेटीत काय आहे?

व्याही: परत आलेल्या उंदऱ्या. चाळीसच्या चाळीस.

विहीणबाई: परत आल्या? तुमच्या गळावर बांधलेल्या माश्या?

व्याही: माझ्या माश्या. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. हे पत्र वाचा.

विहीणबाई: तुम्हीच वाचून दाखवा की.

व्याही: चष्मा घरी राहिला.

विहीणबाई: चष्मा तुमच्या खिशात आहे.

व्याही: तो लांबचा.

विहीणबाई: गेल्या गुरुवारी तो जवळचा होता.

व्याही: विहीणबाई, वाचता की जाऊ?

विहीणबाई: द्या. 'सप्रेम नमस्कार. आपण पाठवलेली चाळीस माश्यांची पेटी सोबत परत करत आहोत. बांधणी नेहमीप्रमाणे निर्दोष आहे...'

व्याही: निर्दोष. ऐकलंत?

विहीणबाई: ऐकते काय, मीच वाचतेय. '...मात्र अंगाचा रंग उंदरी नसून जांभळा आहे. मागच्या खेपेचाही तसाच होता. त्या वेळी आपल्या वयाचा आणि नावाचा मान राखून आम्ही काही बोललो नाही. मासे जवळ येतात, बघतात आणि निघून जातात. महिनाअखेरीस मोसम सुरू होत आहे. तोवर मूळ रंगाच्या माश्या मिळाल्या तर आनंदच आहे. नाहीतर हे काम यापुढे दुसरीकडे द्यावं लागेल. हे लिहिताना आम्हाला वाईट वाटतं.' आणि खाली तुमच्या मासेमारी क्लबाच्या सेक्रेटरींची सही.

व्याही: वयाचा मान. त्या सेक्रेटरीला गळ कुठून धरायचा ते मी शिकवलंय. त्याने पहिल्या दिवशी स्वतःचाच कान पकडला होता गळात. मी काढला.

विहीणबाई: म्हणूनच वाईट वाटतंय म्हणतात ते.

व्याही: जांभळा म्हणे. तुम्ही बघा, ही घ्या. ही जांभळी आहे?

विहीणबाई: बांधलीय फार सुरेख.

व्याही: मी रंग विचारला.

विहीणबाई: या दिव्यात काय कळणार.

व्याही: लोकर विकता ना हो याच दिव्यात? ऐका. मी काल सगळा विचार केलाय. माशी मी बांधतो तेव्हा उंदरी असते. ग्लासात बुडवून बघतो तेव्हा उंदरी असते. नदीत गेली की जांभळी होते. याचा अर्थ काय? रंग कच्चा आहे. तुमच्या लोकरीचा.

विहीणबाई: माझ्या दुकानातल्या लोकरीने आजवर रंग सोडलेला नाही. या लोकरीची टोपडी एकामागून एक तीन तीन भावंडांनी घातलीत. आया धुऊन धुऊन दमल्या, रंग हलला नाही.

व्याही: टोपडं नदीत चार चार तास बुडवत नाहीत.

विहीणबाई: बाळं काय करतात त्या टोपड्यांवर, ते तुम्हाला माहीत नाही. नदी परवडली.

व्याही: चेष्टा नको. मला तुमच्याकडून एक कागद हवाय. दुकानाच्या शिक्क्याचा. 'या लडीचा रंग कच्चा निघाला, यात बांधणाऱ्याचा दोष नाही.' एवढंच. मी तो क्लबात देतो आणि महिनाअखेरीच्या आत दुसऱ्या दुकानातून लोकर आणून चाळीस उंदऱ्या नव्याने बांधतो.

विहीणबाई: दुसऱ्या दुकानातून.

व्याही: नाइलाज आहे. घड्याळांचं दुकान बंद केलं तेव्हा मला वाटलं होतं, आता सकाळी उठून करायचं काय? या माश्यांनी मला उठवलं. नदीवर माणसं माझ्या नावाने उंदरी मागतात. तेवढं एक नाव राहिलंय माझ्याकडे. ते मी तुमच्या लोकरीपायी घालवणार नाही.

विहीणबाई: द्या कागद.

व्याही: काय?

विहीणबाई: कागद द्या. लिहून देते. शिक्का त्या खणात आहे.

व्याही: थांबा.

विहीणबाई: आता काय?

व्याही: मुलांच्या लग्नात खुर्च्या दोनशे लागतील की अडीचशे, यावर तुम्ही तीन दिवस माघार घेतली नव्हती.

विहीणबाई: अडीचशेच लागल्या.

व्याही: बघा. बावीस वर्षं झाली, अजून घेत नाही. आणि आज मी तुमच्या दुकानाच्या नावावर डाग पाडा म्हणतोय, तर तुम्ही शिक्का शोधताय. तुम्ही कधी एवढ्या सहज ऐकलंय माझं?

विहीणबाई: वय झालं माझं. थकले.

व्याही: शेंड्या लावू नका. काय लपवताय?

विहीणबाई: चहा सांगते.

व्याही: विहीणबाई.

विहीणबाई: बरं. रंग कच्चा नाही. लोकरच वेगळी आहे.

व्याही: वेगळी म्हणजे? लेबलावर एक्केचाळीस लिहिलंय. अजून पेटीत आहे ते लेबल.

विहीणबाई: लेबल एक्केचाळीसचं आहे. लडी सत्तावन्न नंबरची आहे. लेबल मी बदललं.

व्याही: चुकून?

विहीणबाई: नाही.

व्याही: मुद्दाम?

विहीणबाई: मुद्दाम. चार लड्यांचं. गेल्या थंडीपासून.

व्याही: मी तुम्हाला एक सांगू? हे तुम्ही गंमत म्हणून केलं असेल तर मला हसू येत नाहीये.

विहीणबाई: मलाही येत नाहीये.

व्याही: तुम्हाला काय वाटलं, कुठलीही लोकर चालते? चार पदरांची लोकर असते, तिचा पीळ सोडवून मी एकच पदर काढतो. खाली गळावर तांब्याची तार गुंडाळतो. त्यावर तो पदर, मधे जाड, टोकांना निमुळता. पाणी प्यायली की लोकर गडद होते आणि आतलं तांबं जरासं गुलाबी दिसतं, उंदराच्या पिल्लाच्या पोटासारखं. मासा काय बघतो? पंख नाहीत, शेपूट नाही, नुसतं अंग बघतो. लोकर हेच तिचं अंग. ते बदललंत तर राहिलं काय?

विहीणबाई: माहीत आहे मला. बावीस वर्षं दर गुरुवारी ऐकतेय. झोपेत विचारलंत तरी बांधून दाखवेन.

व्याही: मग का केलंत?

विहीणबाई: कारण तुम्हाला हीच हवी होती.

व्याही: मला एक्केचाळीस हवी होती.

विहीणबाई: थांबा. ही घ्या. पुड्यातून आत्ता तुमच्यासमोर काढली, लेबल कारखान्याचं आहे. एक्केचाळीस. बघा.

व्याही: ही?

विहीणबाई: हीच.

व्याही: ही पिवळट आहे. तपकिरीकडे जाणारी.

विहीणबाई: गेल्या थंडीत तुम्ही नेमकं हेच म्हणालात. मी तीन पुडे फोडले, वेगवेगळ्या खेपांचे. तिन्ही वेळा तुम्ही नाक मुरडलंत. कारखान्याने रंग बदलला म्हणालात. मग तुम्ही त्या स्टुलावर बसलात आणि म्हणालात, एक्केचाळीस गेली, आता बांधणं बंद.

व्याही: आठवतंय.

विहीणबाई: मग तुमची नजर त्या खालच्या खणावर गेली. सत्तावन्न. तुम्ही ती उचललीत, तोंडात घातलीत, दारापाशी जाऊन बघितलीत आणि म्हणालात, विहीणबाई, ही बघा, हीच माझी उंदरी. लपवून ठेवली होतीत होय? तेव्हा तुमचा चेहरा असा उजळला की मला पुढे बोलवेना. तुम्ही सुट्टे पैसे शोधत होतात तेवढ्यात मी लेबल बदललं.

व्याही: म्हणजे तुमचं म्हणणं काय?

विहीणबाई: माझं म्हणणं तुम्हाला कळलंय.

व्याही: मला काही कळलेलं नाही. हा दिवा पिवळा आहे. दारापाशी बघतो.

विहीणबाई: उंबरा आहे तिथे.

व्याही: बावीस वर्षं आहे तो उंबरा. दिसतो मला.

विहीणबाई: दिसला का रंग?

व्याही: उन्हाने डोळे दिपतायत. थांबा जरा. पिवळीच आहे ही.

सून: बाबा, दारात उभे राहून काय करताय? आणि दोन्ही हातांत लोकर कसली? आईने विणायला बसवलं की काय?

व्याही: बरी आलीस. तू इकडे ये. या दोन लड्या. कुणी काही बोलायचं नाही. विहीणबाई, तुम्ही तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही, तिकडे भिंतीकडे तोंड करा.

विहीणबाई: केलं. शाळेनंतर आज पहिल्यांदा.

व्याही: पोरी, तू लग्न होऊन आल्यापासून माझ्या उंदऱ्या बघतेस. यातली उंदरी कुठली?

सून: ही. डाव्या हातातली.

व्याही: नीट बघ.

सून: नीट काय बघायचं, बाबा? ही राखाडी आहे आणि ती चक्क जांभळी आहे. वांग्यासारखी. आई, तू अशी का उभी आहेस? काय झालं?

विहीणबाई: मला बोलायची परवानगी नाही.

व्याही: तुमची मिलीभगत आहे. मायलेकींची.

सून: कसली? मी तुमचा डबा द्यायला आले. तुम्ही सकाळी घरीच विसरून गेलात.

व्याही: तू यांना आधी काही सांगितलं होतंस का? माझ्याबद्दल?

सून: आई, तू बाबांना सांगितलंस?

व्याही: झालं. मिळालं उत्तर.

सून: बाबा, तसं नाही. मी आईला एवढंच म्हटलं होतं की बाबा चहा ओततात तो कपाच्या बाहेर जातो. आणि संध्याकाळी जिना उतरताना भिंतीला हात लावतात. मी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, कपाचा आकारच चुकीचा आहे.

व्याही: आहेच चुकीचा.

विहीणबाई: आता भिंतीकडून वळू का?

व्याही: वळा. घड्याळातला स्क्रू, केसाएवढा, मी या डोळ्याने बसवलाय. चाळीस वर्षं. माझे डोळे बिघडले आणि ते मला कळलं नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?

विहीणबाई: हळूहळू बिघडलं की कुणालाच कळत नाही. मागे पडणाऱ्या घड्याळाबद्दल तुम्हीच म्हणायचात ना, घरातल्यांना शेवटी कळतं, गाडी चुकली की.

व्याही: माझेच शब्द मला ऐकवू नका.

विहीणबाई: बरं, तुमच्या हातची वस्तू दाखवते. तो वरचा खण उघड गं. मागे एक पत्र्याची चपटी डबी आहे, घड्याळाच्या काट्यांची.

सून: ही? यावर माझ्या लग्नाचं वर्ष लिहिलंय.

विहीणबाई: तीच. तुझं लग्न ठरल्यावर पहिल्यांदा घरी आले, तेव्हा हे माझ्यासाठी भेट घेऊन आले होते. मला वाटलं दागिना असेल. उघडून बघते तर गळ. विहिणीला गळ भेट देणारा जगातला पहिला व्याही. तुझ्या वडिलांनी मला विचारलं, हे कानात घालायचं की नाकात?

सून: आई, तू मला हे कधी सांगितलं नाहीस.

विहीणबाई: तू लग्न मोडलं असतंस.

व्याही: ती माझी त्या वर्षीची सगळ्यात चांगली उंदरी होती. तुम्हाला कदर नव्हती.

विहीणबाई: कदर नव्हती म्हणून बावीस वर्षं डबी जपली. तेव्हा तुम्ही मला काय सांगितलंत, आठवतंय? की लोकरीला ऊन लागलं तर रंग उडतो, पण बंद डबीत अंधारात ठेवली तर तिचा रंग तुमच्या-माझ्यानंतरही हलणार नाही. ही डबी तेव्हापासून अंधारात आहे. घ्या, बघा.

(ते डबी उघडतात. एक डोळा झाकून बघतात, मग दुसरा झाकून बघतात.)

सून: बाबा, बसा ना.

व्याही: ही मीच बांधलीय. डोक्याशी हे तीन फेरे माझेच आहेत. दुसरं कुणी असे देत नाही.

विहीणबाई: हो.

व्याही: आणि ही मला तपकिरी दिसतेय.

विहीणबाई: हो.

व्याही: त्या पिवळट लडीसारखीच. अगदी तशी.

विहीणबाई: कारण ती तीच आहे. एक्केचाळीस.

व्याही: म्हणजे मी चाळीस जांभळ्या माश्या पाठवल्या. दोनदा. ऐंशी. आणि वर निर्दोष म्हणून घेतलं. हसली असतील माणसं.

विहीणबाई: हसली नाहीत. पत्र वाचलं ना मी. त्यात माझी चूक आहे, ती मी मानते. मला वाटलं, माशांना काय कळतंय रंग.

व्याही: माशांना काय कळतंय? विहीणबाई, मी बावीस वर्षं काय सांगतोय तुम्हाला?

विहीणबाई: ऐकत होते, पटलं नव्हतं. आता पटलं. मासेच शेवटी खरं बोलले.

सून: आई, तू एवढे महिने गप्प कशी बसलीस? मला तरी सांगायचंस.

विहीणबाई: सांगून काय झालं असतं? तू डॉक्टरचं नाव काढलं असतंस, यांनी तोंड वाकडं केलं असतं आणि पुढच्या गुरुवारी आले नसते.

व्याही: का आलो नसतो?

विहीणबाई: चूक दाखवल्यावर तुम्ही कुठे येता? त्या खुर्च्यांनंतर सहा महिने आला नव्हतात. तेव्हा घरात माणूस होतं भांडायला, चाललं. आता दुपारी या दुकानात येऊन माझ्याशी भांडणारं दुसरं कोण आहे? मला भीती वाटली, खरं सांगते. तुम्ही यायचे बंद व्हाल याची.

व्याही: मला वाटलं तुम्ही घाबरत नाही कशाला.

विहीणबाई: खुर्च्यांना घाबरत नाही.

सून: बाबा, हा मोतीबिंदू असेल. आमच्या ऑफिसातल्या दोघींच्या आयांचं ऑपरेशन झालंय. अर्ध्या तासाचं काम असतं. दुसऱ्या दिवशी घरात हिंडत होत्या.

व्याही: मोतीबिंदू काय असतो ते मला सांगू नकोस.

सून: का हो, बाबा?

व्याही: दादाला झाला होता. माझ्या थोरल्या भावाला. घड्याळ उघडायला त्याने शिकवलं, माशी बांधायलाही त्यानेच. पन्नास वर्षं झाली त्याला. ऑपरेशन केलं, डोळ्यात पू झाला, डोळा गेला. दुसऱ्याला हात लावू दिला नाही त्याने. मग तोही डोळा गेला. पुढची नऊ वर्षं खिडकीशी बसून असायचा. मी संध्याकाळी दुकानातून आलो की त्याच्या हातात एखादं बंद घड्याळ द्यायचो. तो ते कानाला लावून सांगायचा, काय बिघडलंय ते. बरोबर सांगायचा. पण उघडता यायचं नाही त्याला.

विहीणबाई: हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

व्याही: बोलण्यासारखं काय आहे त्यात? भिंतीला हात लावून जिना उतरतो तेव्हा मला कळतं, पोरी. कपाचा आकार बरोबर आहे हेही कळतं. मी म्हटलं, जेवढं दिसतंय तेवढं दिसू दे. माश्या तरी बांधता येतायत. ती एक लोकर मिळाली तेव्हा मला वाटलं, बघ, रंग तर दिसतोय नीट. म्हणजे फार काही बिघडलेलं नाही. वर्षभर मी त्या लोकरीच्या आधारावर काढलं, विहीणबाई.

विहीणबाई: म्हणजे ती मी तुम्हाला द्यायला नको होती.

व्याही: नको होती. आणि दिलीत म्हणून वर्ष बरं गेलं. दोन्ही खरं आहे. भीती वाटते मला. झालं. बोललो.

सून: मी येते ना बरोबर. आई पण येईल.

व्याही: विहीणबाई कशाला? तिथेही डॉक्टरशी खुर्च्यांवरून वाद घालतील.

विहीणबाई: कमी असल्या तर घालीनच.

सून: सोमवारी सकाळी, बाबा.

व्याही: सोमवारी मला काम आहे.

सून: सोमवारी तुम्हाला काहीही नसतं. मी याआधी दोनदा वेळ घेतली आणि दोनदा रद्द केली. तुम्हाला विचारायचा धीर झाला नाही. डॉक्टरांकडची बाई आता माझा आवाज ओळखते.

व्याही: नुसतं तपासायचं. सोमवारी फक्त तपासणी. पुढचं पुढे.

सून: पुढचं पुढे.

व्याही: आणि आधी पेटी. महिनाअखेरीला नऊ दिवस आहेत. चाळीस उंदऱ्या म्हणजे दिवसाला पाच झाल्या तरी पुरे. विहीणबाई, ती पिवळट लडी द्या.

विहीणबाई: एक्केचाळीस?

व्याही: तीच. चिमटा आहे माझ्याकडे, पिशवीत. गळ आहेत, तार आहे. इथेच बसतो, काउंटरचा हा कोपरा रिकामा करा.

विहीणबाई: पण तुम्हाला तर ती पिवळी दिसतेय. मनाविरुद्ध कसं बांधणार?

व्याही: तुम्ही म्हणताय ना, बरोबर आहे म्हणून?

विहीणबाई: म्हणतेय.

व्याही: मग बरोबर आहे. रंग तुम्ही बघा, बांधणी माझी बोटं बघतील. पदर सोडवून हातात द्या. वीतभर लांबीचा. नखाने ओढू नका, पीळ उलटा फिरवा, आपसूक सुटतो.

विहीणबाई: लोकरीचा पदर कसा सोडवायचा ते मला शिकवताय? माझ्या दुकानात बसून?

व्याही: कुणीतरी शिकवायला हवं. हा जाड आहे.

विहीणबाई: जाड नाही. पीळ अजून पुरता सुटला नाही.

व्याही: मग सोडवा नीट. तोवर मी तार बसवतो.

सून: आई, तो कागद कसला पडलाय इथे? शिक्का कशाला काढलास?

विहीणबाई: रंग कच्चा आहे म्हणून लिहून द्यायचं होतं यांना.

व्याही: लिहून द्यायचंच आहे. पोरी, तू लिही, तुझं अक्षर चांगलं आहे. सेक्रेटरींना. सप्रेम नमस्कार. आपली तक्रार रास्त आहे. लोकरीचा रंग पक्का आहे. दुकानाचा दोष नाही. बांधणाऱ्याचे डोळे...

विहीणबाई: थांब गं. दुकानाचा दोष आहे. लेबल मी बदललं, ते लिही.

व्याही: ते लिहायचं नाही.

विहीणबाई: लिहायचं. मी शिक्का मारतेय, मी सांगेन ते लिहायचं.

व्याही: पत्र माझं आहे.

विहीणबाई: कागद दुकानाचा आहे.

सून: मी दोन पत्रं लिहिते.

व्याही: बघा, किती शहाणी आहे. माझ्याकडे आली म्हणून.

विहीणबाई: हो का. त्याआधी पंचवीस वर्षं कुणाकडे होती?

व्याही: दुसरा पदर द्या. ही झाली. बघा कशी आहे.

विहीणबाई: ग्लासात बुडवते. आतून गुलाबी दिसतंय. जरासंच. उंदरीच आहे.

व्याही: खरं सांगताय?

विहीणबाई: तुम्हाला बरं वाटावं म्हणून आता कधी काही सांगणार नाही. डबीतली शेजारी ठेवली तर ओळखू येणार नाही कुठली कुठली.

व्याही: मग ठीक आहे. तो चहा सांगा आता.

सून: मी सांगून येते. आणि बाबा, कप मी भरणार.

व्याही: भर. विहीणबाई, ती गेलीय तोवर एक विचारू?

विहीणबाई: विचारा.

व्याही: ही भिंत. मघाशी मी म्हटलं तेव्हा तुम्ही नुसतं 'बघते' म्हणालात.

विहीणबाई: हो.

व्याही: पांढरी आहे का?

विहीणबाई: गेल्याच महिन्यात दिलाय रंग. दोन हात.

व्याही: चांगली दिसत असेल.